देवळालीच्या गुरुजींची कसोटी

मे २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉश फिंडली यांच्या पेंटियम संगणकाने सुमारे दोन आठवडे अखंड आकडेमोड करून एक मूळ संख्या शोधली. २ हा आकडा २,४०,३६,५८३ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा, की ती संख्या मिळते. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. सुरुवात २९९४१ ने होते, शेवट ४०७ ने. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी तिच्या एकटीसाठी चोवीसशेहून अधिक पानांचा ग्रंथ लागेल. त्या दिवशी ती जगाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ठरली, आणि अशा विक्रमांचे होते तसेच वर्षभरात तिच्याहून मोठी सापडून ती मागे पडली.

ऑक्टोबर २००६ मध्ये मात्र ती पुन्हा पुढे आली. ल्यूक पेबडी नावाच्या गणितज्ञाने तिला एक वेगळाच प्रश्न विचारला. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली, तर ही ७२ लाख अंकांची संख्या मिळेल का? उत्तर नकारार्थी आले. अशी कोणतीही संख्या नाही. त्या वेळी ठाऊक असलेल्या मर्सेन प्रकारच्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, मूळ संख्यांत हा गुण असलेली सर्वांत मोठी संख्या हीच होती.

तो प्रश्न नाशिकजवळच्या देवळालीतला आहे. तिथल्या एका शाळामास्तरांनी तो १९४९ मध्ये मांडला, त्यावर पुस्तिका लिहिली, परिषदांमधून तो सांगत ते हिंडले, आणि ही मूळ संख्या सापडण्याच्या अठरा वर्षे आधी, १९८६ मध्ये, ते गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना वारली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले. मुलाच्या हातात आकडे आले ते बहुधा या घरातूनच. शाळा ठाण्याला झाली आणि कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. फर्ग्युसनच्या वातावरणात तेव्हा रँग्लर परांजप्यांचे नाव भरून होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले होते, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक स्वतंत्र कामासाठी दिले जाई. ते १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले, १९३० मध्ये देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले, आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, मार्गदर्शक नाही. शाळेचे तास, तपासायच्या वह्या आणि उरलेल्या वेळात संख्या, असे बत्तीस वर्षांचे आयुष्य.

या काळात त्यांनी जे शोधले त्यातले ६१७४ चे वर्तन सगळ्यांना माहीत आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. सात फेऱ्यांच्या आत ६१७४ येतेच, आणि एकदा आली की हलत नाही. कापरेकरांना हे १९४६ मध्ये दिसले, १९४९ च्या मद्रास इथल्या गणित परिषदेत त्यांनी ते सांगितले, आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ते छापून आले. ही प्रसिद्धी योग्यच आहे, पण तिच्यामुळे त्यांची दुसरी दोन कामे झाकोळली, आणि मूळ संख्यांशी संबंध त्या दोन कामांचा आहे.

पहिले काम डेम्लो संख्यांचे. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते, आजचे डोंबिवली. तिथे त्यांच्या मनात हा विचार आला म्हणून संख्यांना स्थानकाचे नाव मिळाले. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असे एकाचे आकडे वाढवत गेले की नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो: पायऱ्या चढून जाणारी आणि तशीच उतरणारी संख्या. दहा एकांच्या संख्येवर हा डौल बिघडतो, कारण हातचा येतो. वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. आता हातचा न घेता मधोमध १० जसेच्या तसे लिहू या: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस अंकी संख्या कशाचाही वर्ग नाही. ती मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कोणीही भागू शकत नाही. हिच्याइतकी पाठ करायला सोपी वीस अंकी मूळ संख्या मला दुसरी माहीत नाही.

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांमध्येही मूळ संख्या सापडतात, पण फार विरळ. ११ ही पहिली. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग एकदम ३१७ एकांची. त्यानंतरची १,०३१ एकांची. ती मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स आणि हार्वी डबनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. कापरेकर गेले तेच हे वर्ष. एकांच्या या रांगांचा फिंडली यांच्या राक्षसी संख्येशी अगदी सख्खा संबंध आहे, तो पुढे येईल.

दुसरे काम स्वयंभू संख्यांचे.

२१ घ्या. अंकांची बेरीज ३. दोन्ही मिळून २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. २४ मध्ये ६ मिळवले की ३०, ३० मध्ये ३ मिळवले की ३३, ३३ मध्ये ६ मिळवले की ३९. साखळी कधीच थांबत नाही, कारण प्रत्येक संख्येपासून पुढची निघतेच. कापरेकरांनी तोंड उलट दिशेला वळवले. प्रत्येक संख्येला जनक असतोच का? २० चा जनक शोधून पाहा. १९ मध्ये १० मिळवले की २९ होतात, १५ मध्ये ६ मिळवले की २१, १४ मध्ये ५ मिळवले की १९, १० मध्ये १ मिळवला की ११. विसावर कोणीच येऊन थांबत नाही. २० ला जनक नाही, ती स्वयंभू. शंभराच्या आत अशा संख्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. यांतल्या ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या मूळ संख्या आहेत. मूळ संख्या गुणाकारातून जन्मत नाही, स्वयंभू संख्या या विशिष्ट बेरजेतून जन्मत नाही. दोन्ही वाटांनी पोरकी असलेली ती स्वयंभू मूळ संख्या. ९ पासून ९७ पर्यंत स्वयंभू संख्या ११-११ च्या अंतराने ओळीत उभ्या आहेत, हेही लक्षात आले असेल.

काही संख्यांना उलट दोन-दोन जनक. १०१ पाहा: ९१ आणि १० मिळून १०१, १०० आणि १ मिळूनही १०१. कापरेकरांनी अशा संख्यांना जंक्शन म्हटले. देवळालीसारख्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्या माणसाला हा शब्द सुचावा यात नवल नाही. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे १ वर बारा शून्ये आणि शेवटी १, अशी चौदा अंकी संख्या. चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या पंचवीस अंकी आहे. तिच्या सुरुवातीला १, मग एकवीस शून्ये आणि शेवटी १०२. ही कापरेकरांनी जून १९६१ मध्ये शोधली, निवृत्तीच्या एक वर्ष आधी. मी कागद-पेन्सिल घेऊन तिचे चारही जनक काढून पाहिले. दोन तिच्या किंचित अलीकडे मिळतात, अंकांची बेरीज अगदी लहान असलेले. दोन त्याहून खाली, चोवीस अंकांचे, जवळजवळ सगळे ९ असलेले. पण आधी अशी संख्या असू शकते हे सुचणे आणि तीच सर्वांत लहान हे ठरवणे, तेही यंत्राशिवाय, याला फार वेगळी नजर लागते.

या कामाची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीहून निघाली. गंमत म्हणजे १९६३ ही स्वयंभू संख्या आहे, आणि ते शाळेत लागले ते १९३० सुद्धा. सालांच्या या योगायोगाला गणितात काही अर्थ नाही, पण कापरेकरांना तो कळला नसेल असे मला वाटत नाही.

त्या काळच्या जाणकारांनी हे काम कसे घेतले? बहुतेकांनी बाजूला सारले. परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात, पुस्तिका स्वतः छापत, आणि पुष्कळ गणितज्ञांच्या लेखी हा अंकांचा पोरखेळ होता. या मताला वजनदार आधारही होता. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मधल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात अशा गोष्टींचे उदाहरणच दिले होते. चार अंकी संख्यांमध्ये ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत येतात. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींच्या मते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोभावे असे हे कोडे, गंभीर गणितात याला स्थान नाही. त्यांच्या बाजूने भक्कम कारण देता येते. अंकांचे गुण आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून असतात. संख्या लिहायची पद्धत बदलली की ते नाहीसे होतात.

तरीही मला हा निवाडा अपुरा वाटतो, आणि त्याचे एक कारण आपल्याच मातीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. पाच स्थानांवर शून्य सोडून असे अंक बसवायचे की त्यांची बेरीज १३ यावी, तर किती संख्या बनतील, असा प्रश्न तिथे विचारला आहे. उत्तर ४९५. म्हणजे अंकांच्या बेरजेवर प्रश्न विचारणे ही आठशे वर्षांची जुनी, आचार्यांनी मानलेली गोष्ट आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. पाटण आणि देवळाली ही दोन्ही गावे एकाच रेल्वेमार्गाच्या आसपासची. कापरेकरांनी हा वारसा घेऊन लिहिले असा दावा मी करत नाही. पण ज्याला पोरखेळ म्हणून हसले गेले, त्यासारखेच प्रश्न इथे कधीकाळी शास्त्र म्हणून शिकवले जात होते.

दखल बाहेरून आली. कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी १९७४ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त याच संख्यांचा प्रश्न मांडला, म्हणून त्यांना परदेशात कोलंबियन संख्याही म्हणतात. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले, आणि सत्तरी गाठलेल्या, तुटपुंज्या पेन्शनमुळे शिकवण्या कराव्या लागणाऱ्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. या संख्यांचे तिसरे नाव देवळाली संख्या. गणितात गावाचे नाव राहावे असा मान महाराष्ट्रात डेम्लोखेरीज दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाला आहे का, मला आठवत नाही.

हे गणित किती खालपासून सुरू होते ते मला अंथुर्ण्यात कळले. अंथुर्णे इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. गाळपाच्या हंगामात त्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक जात असतात. तिथल्या मुलांना मी जनक शोधायला सांगितले आणि आकडे कुठले घ्यायचे म्हणून ती ट्रॅक्टरांचे नंबर वाचू लागली. ४५१७ चा जनक लगेच सापडला: ४५०४, अंकांची बेरीज १३. पुढचा नंबर ४५१६. बराच वेळ गेल्यावर एका पोराने वही आपटली. “सर, ह्येचा बाप काय घावंना!”

“घावणारच नाही हे कसं सांगशील?”

तो गप्प बसला, मग म्हणाला, “समदं तपासाय लागंल.”

बरोबर होते, पण सगळे म्हणजे किती? चार अंकांची बेरीज फार तर ३६, तेव्हा जनक असलाच तर ४५१६ च्या खाली ३६ घरांच्या आतच असणार. तिथून पुढे नऊची युक्ती. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्हींना ९ ने भागले तर बाकी सारखीच उरते. त्यामुळे जनक अधिक त्याच्या अंकांची बेरीज, म्हणजे बाकीच्या दृष्टीने एकाच गोष्टीची दुप्पट. ४५१६ ची बाकी ७. कशाची दुप्पट केली की बाकी ७ येते? ८ ची, कारण १६ मधून ९ गेले की ७. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ८, १७, २६ किंवा ३५ यांपैकीच असायला हवी. चारच उमेदवार उरले: ४५०८, ४४९९, ४४९०, ४४८१. यांच्या अंकांच्या बेरजा १७, २६, १७, १७. हवी होती ती एकाचीही नाही. ४५१६ स्वयंभू. पोरांनी चार ओळींत एका संख्येबद्दल कायमचे काहीतरी सिद्ध केले होते, आणि ते त्यांना कळलेही होते. हीच चार ओळींची युक्ती ७२ लाख अंकांच्या संख्येला पुरते.

आता त्या संख्येच्या घराण्याकडे वळू. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या कधी मिळते, याची यादी फ्रान्समधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये दिली, म्हणून त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. यादीत चुका होत्या. ६७ वा घात त्याने यादीत घातला होता. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सभेत फ्रँक कोल फळ्यापाशी गेले, एका बाजूला तो घात वजा एक मांडला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा हाताने गुणाकार केला, दोन्ही उत्तरे सारखी आली, आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. त्याआधी, १८७६ मध्ये, एदुआर ल्यूका यांनी १२७ व्या घाताची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे यंत्राशिवाय सिद्ध केले होते. तो विक्रम पंचाहत्तर वर्षे टिकला. ल्यूकांच्या कसोटीला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये आजचे सुटसुटीत रूप दिले, नेमक्या त्याच वर्षी कापरेकर देवळालीच्या शाळेत रुजू होत होते. ३० जानेवारी १९५२ ला लॉस एंजेलिसमधल्या स्वॅक नावाच्या संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांचा कार्यक्रम चालवला गेला आणि एकाच रात्रीत ५२१ वा आणि ६०७ वा घात हाती लागले. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी जगभरच्या स्वयंसेवकांचे संगणक जोडून शोधमोहीम सुरू केली. फिंडली तिच्यातलेच एक.

या मर्सेन मूळ संख्यांना देवळालीची कसोटी लावू. पहिल्या ३, ७, ३१. तिन्ही स्वयंभू. पण त्यानंतर जनक सापडतच जातात. १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १,३१,०७१ चा १,३१,०६०, ५,२४,२८७ चा ५,२४,२६४. ऑयलरने १७७२ मध्ये मूळ ठरवलेली २,१४,७४,८३,६४७ घेतली तर तिचा जनक २,१४,७४,८३,६०६, आणि त्याच्या अंकांची बेरीज ४१. यातला प्रत्येक जनक मी अंथुर्ण्याच्या त्याच युक्तीने काढला आहे. एकूण संख्यांमध्ये स्वयंभूंचे प्रमाण शेकडा पावणेदहाच्या आसपास पडते, तेव्हा मर्सेन घराण्यातही त्या तुरळकच निघणार.

फिंडलींच्या संख्येला ९ ने भागल्यावर बाकी किती? २, ४, ८, ७, ५, १ या सहा बाक्या २ च्या घातांमध्ये फिरून फिरून येतात. २,४०,३६,५८३ ला ६ ने भागले तर १ उरतो, म्हणून घाताची बाकी २, आणि त्यातून १ गेला की १. कशाची दुप्पट केली की बाकी १ येते? ५ ची. म्हणजे तिला जनक असलाच, तर त्याच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून ५ उरलेच पाहिजेत. हे कळायला संख्या पाहावीही लागत नाही.

पुढचा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. अंक ७२,३५,७३३. सगळे ९ धरले तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ च्या वर जाणार नाही, आणि ही आठ अंकी संख्या आहे. म्हणून जनक आणि आपली संख्या यांच्यातला फरक फक्त शेवटच्या आठ अंकांत दिसेल. फार तर पुढच्या भागातून एक हातचा घ्यावा लागेल. पुढच्या ७२,३५,७२५ अंकांची बेरीज एकदाच करून ठेवायची. शेवटचे आठ अंक काहीही असले तरी त्यांची बेरीज ० ते ७२ च्या बाहेर जात नाही. तेव्हा जनकाच्या अंकांची एकूण बेरीज ७३ शक्यतांमध्ये कोंडली गेली. त्यांतल्या बाकी ५ असलेल्या आठ किंवा नऊ. हातच्याची शक्यता धरून आणखी तेवढ्याच. जास्तीत जास्त अठरा उमेदवार. संख्या मूळ आहे हे ठरवायला यंत्राला दोन आठवडे लागले, आणि ती स्वयंभू आहे का हे ठरवायला, त्या लांबलचक बेरजेचे उत्तर एकदा हातात आल्यावर, शाळकरी मुलाची एक दुपार पुरेल. अठरापैकी एकही उमेदवार खरा ठरत नाही.

संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा तो आक्षेप इथेही उभा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मूळ असणे हा त्या संख्येचा स्वतःचा गुण आहे; कोणत्याही पद्धतीने लिहा, ती मूळच राहील. स्वयंभू असणे दहाच्या पद्धतीवर उभे आहे. दोनच्या पद्धतीत, म्हणजे संगणक लिहितो तशी, ती २,४०,३६,५८३ एकांची अखंड रांग आहे, एकही शून्य नसलेली. डेम्लोच्या फलाटावर कापरेकरांनी ज्या १, ११, १११ पासून सुरुवात केली, त्यांचेच हे दोनच्या पद्धतीतले भावंड. त्या पद्धतीत ती स्वयंभू आहे की नाही हा निराळाच प्रश्न, त्याचे उत्तर निराळे येऊ शकते. पण स्वयंभू संख्यांची कल्पना प्रत्येक पद्धतीत मांडता येते, आणि हार्डींच्या ८७१२ पेक्षा ती वेगळी पडते ती इथेच. ८७१२ ची चार अंकी गोष्ट दोन संख्यांपाशी संपते. कापरेकरांचा प्रश्न संपत नाही. ९ पासून सुरू करून ९७, ९०५, ८९१३, ८८,९२१ अशी स्वयंभू संख्यांची न संपणारी माळ एका साध्या नियमाने गुंफता येते: आधीच्या संख्येत ८ मिळवायचे, आणि शिवाय पहिल्यांदा ८०, मग ८००, मग ८००० असे वाढत जाणारे मिळवायचे. उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये या संख्यांच्या वाटपाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंक्शन संख्यांवर तर कापरेकरांच्या नावाने शोधनिबंध निघाला, २०२१ मध्ये, मॅक्स अलेक्सेयेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांतले एक नील स्लोन, ज्यांनी संख्यामालिकांचा जगातला सर्वांत मोठा कोश उभा केला. त्या कोशात स्वयंभू संख्यांची आणि स्वयंभू मूळ संख्यांची स्वतंत्र पाने आहेत.

सध्याची सर्वांत मोठी ठाऊक मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. घातांकाला ६ ने भागले तर ५ उरतात, म्हणून त्या संख्येची ९ ची बाकी ४, आणि तिला जनक असलाच तर त्याच्या अंकांच्या बेरजेची बाकी २. अंकांची बेरीज या वेळी नऊ अंकी होऊ शकते, म्हणून शेवटचे आठऐवजी नऊ अंक बाजूला ठेवायचे. उमेदवार जास्तीत जास्त वीस.